बास म्हणालास तेव्हा

दस्तगीर,

कफनात गुंडाळल्यावरही तुझा उजवा गुडघा खाली टेकला नाही. बाकीचं अंग सपाट, आणि पांढऱ्या कापडाला मध्येच तेवढा उंचवटा. तुझ्या थोरल्या चुलत्यांनी तो हलक्या हातानं दाबून बघितला, एकदा, दोनदा, आणि सोडून दिला. मी दारात चपला काढून उभा होतो. चाचा, तो खाली जायचा नाही, मी सात वर्षं दाबून बघितलाय, असं त्यांना सांगावंसं वाटलं. तिथं जमलेल्यांत निम्म्या लोकांच्या लेखी मी तुझा पाय वाचवणारा डॉक्टर होतो. कुणीतरी मला हाताला धरून पुढं नेलं, जागा करून दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन मुठी माती मीही दिली. तिसरी मूठ सोडायची विसरून तशीच धरून राहिलो तर शेजारचे म्हणाले, दोस्तच होता ना तुमचा, होतं असं. मी मान हलवली.

आता पंधरा दिवस झाले. चाळिसावा अजून व्हायचाय. आठ दिवसांच्या काविळीनं तू गेलास आणि मी हाडांचा डॉक्टर, तुझ्या उशाशी बसून नुसता डोळ्यांतला पिवळेपणा बघत राहिलो. त्या आठ दिवसांत तरी बोलायला हवं होतं. तू शुद्धीवर होतास, मला ओळखत होतास, उसाचा रस कडू लागतोय म्हणून शिव्याही घालत होतास. रोज ठरवून यायचो आणि रोज पेठेतल्या सामन्याच्या गप्पा मारून उठायचो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. हातात सुरी दिली तर मी घाबरत नाही, पण खरं बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

म्हणून लिहितोय. उशीर झालाय हे मलाही कळतं, त्याबद्दल तू काही बोलू नकोस.

आपण एकाच नगरपालिकेच्या शाळेत ओणवे राहिलो, पण जोडी जमली ती मैदानात. तू फुलबॅक, मी गोलकीपर. माझी नजर तेव्हाही बेताचीच, लांबचा चेंडू मला धुरकट दिसायचा. तू मागं वळून न बघता ओरडायचास, "धर" नाहीतर "सोड". धर म्हणालास की मी झेप घ्यायचो, सोड म्हणालास की हात खाली. त्यात विचार असा नव्हताच. पेठेतली पोरं म्हणायची, गोलपोस्टात हा उभा असतो पण कीपर दस्तगीरच हाय.

एकदाच चुकलं. तू सोड म्हणालास, मी सोडला, आणि चेंडू खांबाला लागून आत गेला. पेठेनं महिनाभर आपल्याला चहाला विचारलं नाही. तू म्हणायचास, वारं फिरलं. मी म्हणायचो, तुझं डोकं फिरलं होतं. वीस वर्षं हे भांडण चाललं. मी मुंबईत शिकायला गेलो, डॉक्टर होऊन परत आलो, बोर्ड लावला, तरी तुझ्या दुकानात पाऊल टाकलं की पहिल्यांदा तेच. वारं का डोकं. आता ते कुणाशी भांडू सांग.

तुझ्या दुकानात बसायला मला लई आवडायचं. भिजवलेल्या कातड्याचा वास, तबल्याची शाई घोटायचा दगड, भिंतीला टांगलेल्या ढोलक्या. जोतिबाची यात्रा जवळ आली की गावोगावचे ढोल दुरुस्तीला यायचे आणि तुला बोलायलाही फुरसत नसायची. तू जमिनीवर बसून उजवा पाय ताठ करायचास, तळव्यानं तबला भिंतीशी रेटून धरायचास आणि दोन्ही हातांनी वादी ओढायचास. चामड्याचा तो लांब पट्टा तबल्याच्या तोंडावरच्या पुडीच्या भोकातून एकेक घर पुढं सरकायचा. मी चहा पीत बघायचो. तबल्यातलं मला काही कळत नाही. तू म्हणायचासच, डाक्टर, तुझा कान लाकडाचा हाय.

मग पेठेत नुकते रंगीत टीव्ही आले होते त्या साली तुला म्हाताऱ्यांच्या सामन्यात उतरायची हौस आली. पस्तिशी उलटलेला माणूस, मी नको म्हणत होतो. मैदान ओलं होतं. तू चेंडूवर पाय ठेवून गर्रकन वळलास आणि खाली बसलास. कुणी धक्काही दिला नव्हता. कडेला उभा राहून मला वाटलं, बुटाची नाडी बांधायला बसला असेल. सूज उतरल्यावर खरं दुखणं कळलं. चालता चालता गुडघा निसटायचा. पाय ताठ करून तबला रेटला की गुडघा आतल्या आत सरकायचा आणि तबला घरंगळत दुकानाच्या फळीपर्यंत जायचा. तू आधी हसलास. आठव्या दिवशी माझ्याकडं आलास तेव्हा हसत नव्हतास. म्हणालास, डाक्टर, पाय माझं ऐकत न्हाय, आता पोटाचं कसं करू.

गुडघ्याच्या आत, मधोमध, एक दोर असतो. वरचं हाड खालच्यावरून घसरू नये म्हणून. तुझा तो तुटला होता. वाटीखालच्या पट्ट्यातली एक फीत सोडवायची, हाडाला भोक पाडून त्यातून ओवायची, मागच्या बाजूनं वर घ्यायची, ताणायची आणि पक्की करायची, असं ऑपरेशन. मुंबईत मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उभा राहून मी ते तीनदा बघितलं होतं. इथं कुणी करत नव्हतं. मी करतो म्हणालो. खरं सांगू, तुझ्यावर करायला मिळतंय याचा मला थोडा आनंदही झाला होता.

फीत किती ताणायची, हे कुठं धड लिहिलेलं नव्हतं. पुस्तकात एवढंच, पुरेसा ताण द्यावा. पुरेसा म्हणजे किती? मोजायला काटा नाही, खूण नाही. सर्जनचा हात म्हणेल तो ताण.

आदल्या दिवशी तू दुकानात हेच विचारलंस.

"किती वढणार?"

"घट्ट," मी म्हणालो.

तू हसलास. ओली वादी हातात घेऊन तबल्यावर ओढायला लागलास. एका जागी आल्यावर चामडं बारीक कुरकुरलं. मला ऐकू आलं नाही, तू परत ओढून दाखवलंस तेव्हा आलं. म्हणालास, ही कुरकुर आली की बास. त्याच्या म्होरं वढलं तर पुडी वरचा सूर देती, पण चार दिसांत मरती. मी म्हणालो, अरे ते बकऱ्याचं कातडं आणि हे माणसाचं. तर तू म्हणालास, "मेल्यावर सारखंच की."

या वाक्यावर आपण दोघं किती हसलो होतो.

दस्तगीर, आपल्या गावात सैल ही शिवी आहे. लंगोट घट्ट, फेटा घट्ट, चहा कडक, बोलणं कडक. ज्याची गाठ सुटली त्याचं पेठभर हसं. मी याच मातीतला. मला एकच भीती होती, माझी गाठ सैल राहील आणि दस्तगीरचा गुडघा पुन्हा निसटेल, आणि लोक म्हणतील मुंबईत शिकून आला पण नुसतीच हवा. जास्त घट्ट होईल ही भीती मला शिवलीसुद्धा नाही. घट्ट कधी जास्त होत असतं, असंच मी समजत आलो होतो.

आता त्या दिवसाचं सांगतो. सात वर्षं जे सांगितलं नाही ते.

तुला कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. तू जागा होतास. मधे हिरवा पडदा, पलीकडं तू भुलीच्या डॉक्टरांना ढोलकी आणि पखवाज यांतला फरक समजावून सांगत होतास. फीत ओवून झाली. तिच्या टोकाला बांधलेला जाड दोरा मी पंज्याला दोन वेढे देऊन धरला. गुडघा अर्धा वाकवून ठेवला होता. सिस्टरनी पाय धरला आणि मी ओढायला लागलो. तुझं बोलणं थांबलं. मी आणखी ओढलं. आणि खोलीत बारीकशी कुरकुर झाली. आदल्या दिवशी दुकानात झाली होती तशीच.

पडद्यापलीकडून तू म्हणालास, "बास."

एकदाच. मोठ्यानं नाही, घाबरून नाही. दुकानात तुझ्या लेकीला, हसीनाला सांगायचास तसं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, शाळेतून आली की तुझ्या समोर बसून वादीचं दुसरं टोक धरायची.

मी थांबलो होतो. अर्धा श्वास असेल. सिस्टरनी मास्कवरून माझ्याकडं बघितलं. त्या अर्ध्या श्वासात माझ्या डोक्यात काय काय आलं ते आज सगळं सांगतो. इथं डॉक्टर कोण, तू का मी, हे आलं. टेबलावरचा पेशंट सर्जनला थांब म्हणतो हे सिस्टरांसमोर चालवून घ्यायचं का, हे आलं. आणि हसू नकोस, तो खांबाला लागून आत गेलेला चेंडूही आला. एकदा तुझं ऐकून फसलो होतो. भुलीच्या डॉक्टरांना म्हणालो, जरा झोपवा यांना. मग आणखी एक ओढ दिली, बोटभर, आणि दोरा पक्का केला.

ज्याच्या आवाजावर मी डोळे झाकून हात खाली घेत होतो, त्याचं मी त्या एका वेळी ऐकलं नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. गुडघा निसटायचा थांबला होता. इतका पक्का झाला होता की निसटायला जागाच नव्हती. पण पाय सरळ होईना. टेबलावर उताणं झोपवलं की गुडघ्याखाली माझी मूठ जायची. म्हणालो, व्यायामानं होईल. वाळूच्या पिशव्या बांधल्या, शेक दिला, मी स्वतः रोज येऊन दाबला. तू दात आवळून सोसलंस. तीन महिन्यांनीही मूठ जातच होती. अर्ध्या वाकवलेल्या गुडघ्यात तेवढा ताण दिला की पाय सरळ व्हायला जागाच उरत नाही, हे मला तेव्हा समजलं. तुला ते आदल्या दिवशी ठाऊक होतं.

प्लास्टर कापलं त्या दिवशीच तू पहिल्यांदा विचारलंस. सिस्टर ट्रे घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"डाक्टर, मी बास म्हणालतो का न्हाय?"

मी म्हणालो, "नाही रे. तू झोपेत होतास. भुलीत माणसाला काहीबाही ऐकू येतं, बोलल्याचा भास होतो."

सिस्टरनी ट्रेकडं बघितलं. तू गुडघ्यावरून एकदा हात फिरवलास आणि म्हणालास, आसंल बाबा. सिस्टर पुढं निवृत्त होऊन मलकापूरला भावाकडं गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, डॉक्टर, त्या पेशंटशी एकदा बोला.

बोललो नाही. तू मात्र विचारत राहिलास. चहाचा पहिला घोट घेतला की वारं का डोकं, आणि दुसऱ्या घोटाला, मी बास म्हणालतो का न्हाय. रागानं कधीच नाही. घरातली वस्तू कुठं ठेवली ते आठवत नसल्यासारखं विचारायचास. मी दर वेळी तेच सांगायचो, भूल होती रे, भूल. खोटं दहादा बोललं की ते तोंडात बसतं. नंतर नंतर तू विचारायचं सोडलंस आणि मी सुटलो म्हणालो. विसरला असेल, असंही स्वतःला सांगितलं.

तुझ्याबद्दल मला काय काय आठवतं सांगू? नमाजाच्या रांगेत सगळ्यांचे पाय ताठ आणि तुझा एक गुडघा पुढं आलेला. दुकानात तू बसायची बाजू बदललीस, डाव्या पायानं रेटायला शिकलास, चाळिशीच्या उंबऱ्यावर हाताची सवय मोडून नवी लावलीस. मैदानात परत कधी उतरला नाहीस, कडेला छत्री टेकून उभा राहून पोरांना ओरडायचास. आणि कुणी पायाचं विचारलं तर म्हणायचास, डाक्टरनं वाचवला, न्हायतर लोळागोळाच झालता. अख्ख्या पेठेत माझं नाव तू वाढवलंस. तुझ्या शब्दावर किती लोक माझ्याकडं आले. तू मला एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्यास. तुझ्या त्या चांगुलपणाचा मला राग यायचा, खरंच यायचा, आणि तरी तुझ्याशिवाय माझा रविवार जात नव्हता.

आणखी एक सांगायचं आहे. तुझ्यानंतर मी जितके गुडघे केले, त्या सगळ्यांत कुरकुर आली की थांबलो. पक्कं करायच्या आधी टेबलावरच पाय पूर्ण सरळ करून बघतो. पेशंट जागा असला तर खोलीत कुणाला बोलू देत नाही. ती माणसं आज पळतात, उकिडवी बसतात, मोळ्या उचलतात. हाताखालची तरुण मंडळी विचारतात, सर, किती ओढायचं ते कसं कळतं? मी म्हणतो, ऐका. त्यांना वाटतं ही माझी विद्या. पेठेतल्या एका तबलेवाल्यानं शिकवलं, असं एकदाही माझ्या तोंडून गेलं नाही. तुझा पाय घेतला आणि तुझी विद्याही घेतली, दस्तगीर.

आज दुपारी दुकानात गेलो. भाभी आत होत्या, त्यांच्याशी पडद्याआडूनच दोन शब्द बोललो. हसीनानं फळ्या उघडल्या होत्या. गारगोटीच्या भजनी मंडळाचा पखवाज आला होता, सप्ताह तोंडावर म्हणून घाई. ती तुझ्याच जागी बसली होती. उजवा पाय ताठ. लाकडाच्या ठोकळ्यावर तुझी छत्री तशीच टेकवलेली होती, मी ती बाजूला करून बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, तुझा हात अगदी अब्बांसारखा चालतो.

ती म्हणाली, शेवटची ओढ गेली सहा वर्षं तीच देत होती. अब्बा सगळं करायचे, पुडी बसवायचे, वादी भरायचे, आणि शेवटची ओढ आली की बाजूला सरकायचे. तिला म्हणायचे, तू वढ आणि तूच ऐक, माझ्या कानाचा भरवसा न्हाय राहिला. मी विचारलं, का? तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं. तिला वाटत होतं मला ठाऊक असेल.

"दवाखान्यात त्यास्नी नसलेलं ऐकू आलतं न्हवं. मी म्हणायचे, अब्बा, तुमचा कान चुकायचा न्हाय. तर म्हणायचे, डाक्टर माझ्यासंगं खोटं कशाला बोलंल?"

पाय गेला त्याची माफी मागायची मी सात वर्षं मनात तयारी करत होतो. पाय तर तू केव्हाच सोडून दिला होतास. मी तुझा कान घेतला होता. बोटभर जास्तीच्या ओढीनं गुडघा गेला, ती चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. पण तू बरोबर ऐकलंस आणि मी तुला ते चुकीचं ठरवलं, आणि तू माझं खरं मानलंस. तबल्याच्या सुरासाठी मिरजेचे लोक ज्याच्याकडं यायचे, तो माणूस माझ्या एका वाक्यामुळं स्वतःच्या दुकानात बाजूला सरकून बसायचा. आणि मी समोर चहा पीत असायचो, मला दिसलंसुद्धा नाही.

मी हसीनाला सांगितलं. सगळं सांगितलं, कुरकुर, बास, अर्धा श्वास, बोटभर ओढ, आणि नंतरचं खोटं. रडत सांगितलं, त्याची लाज वाटली नाही. वादी तिच्या हातात तशीच ताणलेली होती. माझं झाल्यावर तिनं पखवाज जवळ ओढला. मला वाटलं जा म्हणेल.

"मग हे त्यास्नी सांगायचं की, डॉक्टरचाचा."

एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. पाय रेटला, वादी ओढली, चामडं कुरकुरलं, तिनं हात थांबवला. या वेळी मला पहिल्याच ओढीला ऐकू आलं.

तिथून उठलो ते सरळ तुझ्याकडं आलो. कबरीची माती अजून ओली आहे, कडेनं कुणीतरी सब्जा लावलाय. उभा राहिलो, तसाच परत आलो आणि लिहायला बसलो. ते चेंडूचं आपण तसंच राहू देऊ. वारंच फिरलं असेल. पण दुसरं तू जे विचारत होतास, दर रविवारी, दुसऱ्या घोटाला, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

व्हय, दस्तगीर. म्हणालतास.